वर्गणी, व्याज आणि विद्यापीठ

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्याची जागा हिंदुस्थानच्या कापसाने घेतली, तेव्हा १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबई शहरात जो पैसा आला तो त्यापूर्वी त्या शहराने कधी पाहिला नव्हता. आणि त्या पैशाच्या पाठोपाठ नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या आणि दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाणारे त्यांचे भाग यांचे असे पेव फुटले की, सावकारांपासून कारकुनांपर्यंत सर्व थरांतील माणसे त्या सट्ट्यात ओढली गेली. याच भरतीच्या काळात, १८६४ साली, प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दोन वेळा मिळून चार लाख रुपये दिले. पहिले दोन लाख ग्रंथालयासाठी होते, नंतरचे दोन लाख मनोऱ्यासाठी, आणि त्या मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव असावे अशी त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा निकाल करण्याची वेळ आली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. स्वतः प्रेमचंद त्यात धुऊन निघाले. मुंबई बँकेसारखी सरकारी पाठबळाची बँकही पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. विद्यापीठाचे चार लाख मात्र बुडाले नाहीत. इमारतीच्या कामास १८६९ मध्ये प्रारंभ झाला, १८७८ मध्ये ते पुरे झाले, आणि सुमारे साडेपाच लाख रुपये खर्चून उभा राहिलेला तो मनोरा आजही ओव्हलच्या मैदानाकडे तोंड करून उभा आहे.

विद्यापीठाला हे साधले याचे कारण त्याच्या तत्कालीन रचनेत होते. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. त्याच्या पदरी अध्यापक नव्हते, वसतिगृहे नव्हती, दरमहाची मोठी बांधिलकी नव्हती. परीक्षांचे शुल्क आणि सरकारचे साहाय्य या दोन वाटांनी येणाऱ्या उत्पन्नावर त्याचा कारभार भागत असे, आणि देणगीची रक्कम हाती ठेवून अनुकूल काळ येईपर्यंत थांबणे त्याला परवडत होते. शिकविणाऱ्या संस्थेला असे थांबता येत नाही. जून महिना उजाडला की वर्ग भरवावे लागतात आणि महिनाअखेर अध्यापकांच्या हाती वेतन ठेवावे लागते, मग बाजारात तेजी असो वा मंदी. म्हणून दुष्काळात आणि मंदीत उच्च शिक्षणाचा संसार कसा चालविला गेला याचा इतिहास शोधावयाचा तर मुंबईच्या कोटातील त्या भव्य इमारतीपेक्षा पुण्यातील दरिद्री महाविद्यालयांच्या जमाखर्चाकडे वळणे प्राप्त आहे.

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळाने दख्खनचा कणा मोडला होता, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, जानेवारी १८८० मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना लवकरच येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या प्रारंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. दक्षिणेतील संस्थानिक आणि जहागीरदार यांच्याकडून नामजोशींनी अथक खटपट करून देणग्या मिळविल्या. पण या मंडळींच्या बुद्धिमत्तेचा खरा प्रत्यय देणग्या मिळविण्यापेक्षा खर्चाची जी घडी त्यांनी बसविली तीत येतो. शिक्षणसंस्थेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत न टळणारा खर्च अध्यापकांच्या वेतनाचा असतो, हे ओळखून त्यांनी तो खर्च संस्था निघण्याच्या क्षणीच खाली बांधून टाकला. सरकारी महाविद्यालयांतील युरोपीय प्राध्यापक महिना शेकडो रुपये घेत असता, या संस्थेच्या आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावयाचे आणि प्रारंभी तीस-चाळीस व पुढे पंचाहत्तर रुपये दरमहा घ्यावयाचे, असा नियम झाला. त्याच्या मोबदल्यात संस्थेने प्रत्येक सभासदाच्या आयुष्याचा तीन हजार रुपयांचा विमा उतरविला, आणि मुदत पुरी झाल्यावर अल्पशा निवृत्तिवेतनाची तरतूद ठेवली. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांना मिळालेले निवृत्तिवेतन दरमहा तीस रुपये होते.

या व्यवस्थेकडे केवळ त्यागाचे उदाहरण म्हणून पाहण्याची आपल्याकडे रूढी आहे, आणि तो त्याग खराच होता. पण अर्थव्यवहाराच्या दृष्टीनेही ती विचारपूर्वक केलेली योजना होती. एखाद्या विद्वानाला बाजारात जे वेतन मिळाले असते ते आणि त्याने प्रत्यक्ष घेतलेले वेतन यांतील अंतर तो दरमहा संस्थेला देणगी म्हणून देत होता. अशा दहा-बारा माणसांची वीस वर्षांची ही देणगी कोणत्याही पेढीत ठेवलेली नव्हती. म्हणून ती पेढीबरोबर बुडण्याचेही भय नव्हते. विम्याच्या कलमातही तितकीच दूरदृष्टी आहे: अत्यल्प वेतनावर राबणारा माणूस अकाली गेला तर त्याच्या कुटुंबाचा भार अकस्मात संस्थेवर पडू नये, आणि कुटुंबाच्या चिंतेने त्यालाही सेवा सोडावीशी वाटू नये, या दोन्ही गोष्टी वार्षिक हप्त्याच्या ठराविक खर्चात साधल्या गेल्या. आगरकर १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, निवर्तले हे लक्षात घेतले म्हणजे त्या कलमाचे मोल कळते.

या घडीत एक ताण पहिल्यापासून होता आणि त्याची परिणती टिळकांच्या राजीनाम्यात झाली. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ आणि सर्व उत्पन्न संस्थेच्या स्वाधीन करावे, बाहेरून काही मिळाले तर तेही संस्थेच्या जमेस धरावे, असा टिळकांचा जेझुइट पंथाच्या आदर्शावर आधारलेला आग्रह होता. संसारी माणसाला काही सवड द्यावी, वेतनात थोडी वाढ व्हावी, असे इतर अनेकांचे म्हणणे होते. १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. या वादाची चर्चा व्यक्तिद्वेष आणि सामाजिक मतभेद यांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे, पण माझ्या मते त्यातील आर्थिक प्रश्न अधिक मूलगामी होता. ज्या संस्थेचा निधी माणसांच्या संयमात ठेवलेला असतो, तिला तो संयम किती काळ आणि किती जणांकडून मागता येईल, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर टिळकांनी एका बाजूस आणि गोखले-आगरकरांनी दुसऱ्या बाजूस प्रामाणिकपणे शोधले, आणि दोहोंपैकी कोणासही आपण उणा लेखू नये.

टिळक गेल्यामुळे गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, आणि त्या जागेवर गोखल्यांनी १८९१ मध्ये ज्यांना बोलावले ते धोंडो केशव कर्वे हे या लेखाचे खरे नायक होत. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचा हा अबोल गणिती वक्ता नव्हता, श्रीमंत तर नव्हताच. पण आपल्या मिळकतीतील ठराविक अंश गावासाठी बाजूला काढून 'मुरूड फंड' उभारण्याची त्याची सवय विद्यार्थिदशा संपते न संपते तोच लागलेली होती. फर्ग्युसनच्या आजीव सभासदत्वाची शिस्त त्यांच्या मूळ स्वभावाला अगदी मानवली, आणि तेथे पाहिलेली अल्प वेतन, दीर्घ सेवा, चोख हिशेब ही त्रयी त्यांनी पुढे स्त्रीशिक्षणाच्या कार्यात जशीच्या तशी नेली. विधवांसाठी त्यांनी आश्रमाची मंडळी स्थापन केली ते १८९६ साल दुष्काळाचे होते, आणि प्लेगनेही त्याच सुमारास या इलाख्यात पाऊल टाकले. १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याला रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर एका साध्या झोपडीत गेला, तेव्हा संवत १९५६ च्या, म्हणजे 'छप्पन्न'च्या, दुष्काळाची झळ अजून ओसरली नव्हती. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवीत, आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारे जिन्नस बरोबर घेऊन चार मैलांची चिखलाची वाट तुडवीत हिंगण्याला जात; सकाळी पुन्हा तीच वाट उलट. सुटीचे दिवस वर्गणीसाठी राखलेले असत. अशा काळात जन्मलेल्या संस्थेला टंचाई हा अपवाद वाटत नाही. तिच्या अंदाजपत्रकात ती पहिल्यापासून गृहीत धरलेली असते.

कर्व्यांच्या वर्गणी गोळा करण्याच्या पद्धतीकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे. मोठ्या दात्याची वाट पाहत बसण्याऐवजी ते गावोगावच्या वकील, शिक्षक, कारकून, मामलेदार अशा मध्यम परिस्थितीतल्या माणसांकडे जात आणि त्यांच्याकडून दरसाल थोडे थोडे मागत. एकदाच दिलेल्या शंभर रुपयांपेक्षा दरसाल मिळणारे पाच रुपये संस्थेला अधिक उपयोगी पडतात, हे त्यांच्यातल्या गणित्याने जाणले होते. शंभर रुपयांचे साडेतीन-चार टक्क्यांनी व्याज फार तर चार रुपये येते. पाच रुपये वार्षिक देणारा माणूस त्याहून मोठ्या भांडवलाची भर घालतो. शिवाय दरवर्षी त्याच्या दारी जावे लागल्यामुळे संस्थेचे काम त्याच्या कानी पडत राहते आणि त्याच्या घरातील एखादी मुलगी, एखादी विधवा बहीण शाळेत येण्याचा संभव वाढतो. हिंगण्याच्या संस्थेने दिवाळीत घरोघर भाऊबीज मागण्याची जी प्रथा पाडली तीही याच जातीची. सख्ख्या बहिणीच्या ताटात ओवाळणी घालताना आश्रमातील बहिणींसाठीही काही नाणी बाजूला काढावीत, इतकी साधी ती मागणी. पण तिने संस्थेच्या उत्पन्नाला पंचांगातील एका ठराविक दिवसाचा आधार दिला, आणि तो दिवस सुगीच्या व मंदीच्या दोन्ही वर्षांत न चुकता येतो. या कामात पार्वतीबाई आठवले यांचा वाटा कृतज्ञतेने सांगितला पाहिजे. विधवा होऊन आश्रमात आलेल्या या कर्व्यांच्या मेहुणीने आश्रमासाठी वर्गणी मागत गावेच्या गावे पालथी घातली, आणि १९१८ मध्ये, इंग्रजीचे पुरेसे ज्ञान नसता, त्या अमेरिकेपर्यंत गेल्या व तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले. टोकियोत १९०१ पासून चाललेल्या जपानी स्त्रीविद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यापूर्वी त्यांच्या हाती पडली होती, आणि तिच्या आधारे हिंदुस्थानातही स्त्रियांचे, मातृभाषेतून शिकविणारे, स्वतंत्र विद्यापीठ असावे असा विचार त्यांनी परिषदेपुढे मांडला. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे १९१६ साली, ते विद्यापीठ स्थापन झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे कुलपती आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. महाविद्यालयात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या पाच. सरकारची मान्यता नव्हती, म्हणून सरकारचे साहाय्य नव्हते. पदव्यांना सरकारी नोकरीत किंमत नव्हती, म्हणून शुल्काच्या रूपाने फारसे उत्पन्नही नव्हते. अशा विद्यापीठाचा पाया कर्व्यांनी ज्या गोष्टीवर घातला ती माझ्या मते आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एक अपूर्व कल्पना होय: दरसाल ठराविक वर्गणी देणाऱ्यांचे मतदारसंघ करून त्यांना विद्यापीठाच्या नियामक सभेवर प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार देण्यात आला. एरवी देणगीदाराला संस्थेकडून कृतज्ञतेचे पत्र मिळते आणि अहवालाच्या यादीत नाव लागते. येथे दूरच्या एखाद्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला, केवळ आपली वार्षिक वर्गणी वेळेवर पाठविल्यामुळे, विद्यापीठाच्या कारभारात मत मिळाले. विद्यार्थिनी पाच, पण विद्यापीठाचे मालक म्हणता येतील अशी माणसे देशभर विखुरलेली, असा तो देखावा होता.

या विद्यापीठाला १९२० मध्ये मोठी देणगी मिळाली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देण्याचे जाहीर केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. मूळ रक्कम एकदम विद्यापीठाच्या हवाली व्हावयाची नव्हती. काही अटींची पूर्तता होईपर्यंत तिच्यावर साडेतीन टक्क्यांप्रमाणे दरसाल ५२,५०० रुपये मिळावयाचे होते, आणि विद्यापीठाचे मुख्य ठाणे कालांतराने मुंबईस न्यावे ही त्या अटींपैकी एक होती. १९२२ मध्ये सर विठ्ठलदास अकाली निवर्तले आणि पुढचा व्यवहार त्यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांकडे गेला. या औदार्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ज्या संस्थेला सरकार ओळखत नव्हते तिच्यावर एका व्यापाऱ्याने एवढा विश्वास टाकावा, याला असाधारण मन लागते, आणि त्या रकमेवाचून विद्यापीठाला पुण्यात महाविद्यालयाची इमारत उभी करून मुंबई आणि गुजरात येथील संस्थांना हाताशी धरता आले नसते. तरीही विद्यापीठाच्या उत्पन्नाचे स्वरूप त्या दिवसापासून पालटले, हे नमूद करणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. पूर्वी शेकडो दारांतून येणारा पैसा आता बव्हंशी एका दारातून येऊ लागला. पंधरा लाखांची बातमी ऐकल्यावर खेड्यातल्या वर्गणीदाराला आपले पाच रुपये आता कशाला हवेत असे वाटणेही स्वाभाविक होते.

कर्व्यांना हा धोका दिसत असावा, असे त्यांच्या पुढच्या वर्तनावरून म्हणावेसे वाटते. कारण वार्षिक व्याज नियमित येत असतानाच, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी पुन्हा झोळी खांद्याला लावली. १९२९ च्या मार्चमध्ये ते इंग्लंडला निघाले. डेन्मार्कमधील एल्सिनोर आणि स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील शिक्षणपरिषदांना हजर राहून, अमेरिकेत हिंडून, ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांना प्रेरणा दिली त्याच्या देशाला, जपानला, भेट देऊन ते १९३० च्या एप्रिलात परतले. हा प्रवास चालू असतानाच न्यूयॉर्कचा भागबाजार कोसळला होता आणि ज्या देशांतून ते देणग्यांसाठी फिरत होते त्या देशांची मने स्वतःच्याच विवंचनेत गुंतत चालली होती. तरी ते थांबले नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते आफ्रिकेला गेले. मोंबासाला त्यांचे चिरंजीव डॉक्टर शंकरराव होते. तेथून केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने त्यांनी हिंदी वस्त्यांतून भ्रमण केले. तेथील हिंदी दुकानदार, आगगाडीच्या कामावरील नोकर आणि कारकून यांच्यापुढे बहात्तर वर्षांचा हा वृद्ध माणूस आपल्या संथ, अलंकारहीन इंग्रजीत किंवा मराठीत स्त्रियांच्या विद्यापीठाची हकिगत सांगे आणि जे मिळेल त्याची पावती देई. त्या वर्षी आफ्रिकेतही कापूस आणि घायपात यांचे भाव पडलेले होते. मोठ्या धनिकाला मंदीत मोठी रक्कम काढणे जड जाते, पण पाच-दहा शिलिंग देणारा माणूस पुष्कळदा मंदीतही ते देतो, हा कर्व्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता, आणि आफ्रिकेच्या प्रवासाची सगळी आखणी त्या अनुभवावर उभी होती.

इकडे हिंदुस्थानात मंदीने सर्वत्र हात घातला होता. शेतमालाचे भाव १९२९ पासून तीन-चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. कुणबी सारा भरण्यासाठी घरातले सोने विकू लागला. सरकारनेही काटकसरीचे सत्र आरंभून १९३१ अखेर नोकरांच्या पगारात दहा टक्क्यांची कपात केली. कायदेभंगाच्या चळवळीमुळे लोकांच्या दानशक्तीला दुसरे, अधिक तातडीचे आवाहन आलेले होते, आणि ज्या मध्यमवर्गाच्या वर्गणीवर पुण्यातील संस्था चालत तोच वर्ग कपातीच्या आणि तुरुंगाच्या कचाट्यात सापडला होता. सरकारी साहाय्यावर अवलंबून असलेल्या शाळा-महाविद्यालयांना मंदीचा फटका त्या वाटेने बसला. कर्व्यांच्या विद्यापीठाला सरकारचे साहाय्य नव्हतेच, म्हणून तेथून काही कमी होण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्यावर आलेले संकट निराळेच होते. १९३० च्या दशकाच्या प्रारंभीच, ऐन मंदीत, देणगीच्या अटींची पूर्तता झाली किंवा नाही या मुद्द्यावर ठाकरसींचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद होऊन ते वार्षिक ५२,५०० रुपये मिळणे थांबले, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

या घटनेचे आर्थिक मर्म नीट समजून घेतले पाहिजे. भाव पडत असतात तेव्हा ठराविक रोख उत्पन्नाची खरेदीशक्ती वाढते. १९२० च्या महागाईत जे ५२,५०० रुपये मिळत होते त्याच रुपयांना १९३२-३३ मध्ये कितीतरी अधिक धान्य, कागद, लाकूड आणि श्रम विकत मिळाले असते. म्हणजे ते व्याज ज्या वर्षी सर्वांत मौल्यवान ठरले असते त्याच वर्षी ते हातचे गेले. विश्वस्तांना दोष देण्याचे येथे प्रयोजन नाही. मृत दात्याच्या इच्छेचे अक्षर पाळणे हे त्यांचे कर्तव्य होते आणि दस्तऐवजातील अटींचा अर्थ लावण्याचा त्यांना अधिकार होता. पण भांडवल हाती न येता केवळ व्याजावर अधिकार असणे, आणि त्या व्याजाच्या भरवशावर कायम स्वरूपाच्या नेमणुका व इमारती करून बसणे, यात केवढी जोखीम असते याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या शिक्षणसंस्थांच्या इतिहासात मला आढळत नाही. दरसालच्या उत्पन्नाचा एवढा मोठा खांब निखळल्यावरही विद्यापीठ बंद पडले नाही. शाळा चालू राहिल्या, परीक्षा होत राहिल्या, पदव्या दिल्या जात राहिल्या. या तगण्याला परदेशांतून जमविलेली पुंजी, तुटपुंजे शुल्क, जुन्या वर्गणीदारांची निष्ठा आणि अल्प वेतनावर काम करणारा शिक्षकवर्ग या चारांचा आधार होता. आणि यांतील एकही गोष्ट १९३२ मध्ये नव्याने निर्माण करता येण्याजोगी नव्हती. वर्गणीदाराच्या दारी जाण्याची वाट १८९६ पासून मळलेली होती म्हणून संकटात ती उपयोगी पडली. अल्प वेतनाचा प्रघात तर त्याहूनही जुना, फर्ग्युसनच्या पहिल्या पिढीपासून चालत आलेला होता.

खटला अखेर तडजोडीने मिटला, आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. पुण्यातील महाविद्यालय पुण्यातच राहिले. स्थलांतराचे दुःख पुण्यातील अनेकांना झाले असेल, परंतु मुंबईला जाण्याने विद्यापीठाला जी गोष्ट मिळाली तिचाही विचार केला पाहिजे: मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांतील मध्यमवर्ग, व्यापारी कुटुंबे आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलींची मोठी संख्या एकाच शहरात जवळ आली, आणि शुल्काचे उत्पन्न हा पूर्वी नाममात्र असलेला आधार तेथे भरभक्कम होण्यास वाव मिळाला. कर्व्यांनी स्वतः त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी एक नवी मंडळी काढली आणि तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून थोडे थोडे पैसे मागण्यास आरंभ केला.

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती उलटली. सहा वर्षांत भाव दुपटीहून अधिक चढले, आणि साडेतीन टक्क्यांचे जे ठराविक व्याज मंदीत अनमोल होते त्याची किंमत तेजीत झपाट्याने झिजत गेली. रोख्यांत गुंतविलेल्या सर्वच निधींची तीच अवस्था झाली. मोठ्या देणगीचे भांडवल आकड्यांनी जसेच्या तसे राहूनही त्यातून वीस वर्षांपूर्वी चालत असलेले काम चालेना. आजीव सेवेचा जुना आधारही तोपर्यंत सैल होत चालला होता, कारण महागाईत पंचाहत्तर-शंभर रुपयांवर कुटुंब चालविणे कोणासच शक्य नव्हते, आणि ते कोणाकडून मागणेही न्याय्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर राज्यशासनाचे अनुदान हा उच्च शिक्षणाचा मुख्य आधार झाला तो या दोन्ही आधारांच्या क्षीणतेमुळे. केवळ नव्या राज्याच्या ध्येयवादाने तो बदल झाला असे मानणे अपुरे ठरेल. १९४९ साली विद्यापीठासंबंधीचा कायदा झाला, १९५१ मध्ये तो अमलात येऊन पस्तीस वर्षे मान्यतेविना चाललेल्या या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला, आणि सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी या वैधानिक विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ज्या घराण्याच्या देणगीवरून न्यायालयाची पायरी चढावी लागली होती त्याच घराण्यातील एका कर्तबगार स्त्रीने विद्यापीठाचा कारभार हाती घ्यावा, आणि तो निष्ठेने वाहावा, ही त्या दीर्घ संबंधाची सुखद परिणती होय. कायद्याबरोबर अनुदान आले, अनुदानाबरोबर सरकारी वेतनश्रेणी आणि हिशेबतपासणी आली, आणि दरसाल पाच-दहा रुपये पाठवून विद्यापीठाच्या कारभारात मत मिळविणाऱ्या त्या दूरदूरच्या वर्गणीदारांचे युग तेथे संपले.